महिन्याचा हिशेब त्या महिन्याचाच: एसएलओला कॅलेंडर इंटरव्हल कसा लावायचा

सेवा किती टक्के नीट चालली पाहिजे, यावर टीममध्ये भरपूर चर्चा होते. ९९.५ की ९९.९, यावर चहाच्या दोन फेऱ्या होतात आणि आकडा ठरतो. पण हे टक्के नेमक्या कुठल्या काळातले, हे फारसं कुणी विचारत नाही. स्क्रीनवर आधीपासून जे निवडलेलं असतं तेच पुढे चालू राहतं. मग महिनाअखेरीस ग्राहक विचारतो, "मागच्या महिन्यात तुमची सेवा कशी चालली?" आणि आपल्याकडचा आकडा निघतो गेल्या सात दिवसांचा.

हा लेख एसएलओमधल्या, म्हणजे सेवेसाठी ठरवलेल्या उद्दिष्टामधल्या, काळाच्या त्या एका रकान्याबद्दल आहे. नुकतेच मॉनिटरिंगच्या कामाला लागलेल्यांसाठी तो लिहिला आहे, म्हणून ओळख थोडक्यात करून देतो. साधन म्हणून क्लाउडवॉच या ॲमेझॉनच्या देखरेखीच्या सेवेतलं ॲप्लिकेशन सिग्नल्स घेतलं आहे. २०२४ च्या जूनमध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. त्यात कॅलेंडर इंटरव्हल, म्हणजे ठरलेल्या तारखेपासून मोजायचा काळ, कधीपासून सुरू करायचा हे आपल्याला ठरवता येतं आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

उदाहरण आपल्या सांगलीचंच घेऊ. वसंतदादा मार्केट यार्डातल्या अडत पेढ्यांसाठी कुणीतरी एक सेवा बनवली आहे असं धरा. हळदीचे आणि बेदाण्याचे सौदे झाले की शेतकऱ्याला मोबाइलवर भाव दिसतो आणि पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, उतरवून घेता येते. सर्व्हर ॲमेझॉनच्या मुंबई रीजनमध्ये, म्हणजे मुंबईतल्या डेटा सेंटर्समध्ये, आहे. पेढ्या दरमहा ठरावीक रक्कम देतात आणि करारात लिहिलं आहे, "दर महिन्याला ९९.५ टक्के विनंत्यांना यशस्वी उत्तर मिळेल." यातले "दर महिन्याला" हे शब्द आपल्या कामाचे आहेत.

तीन शब्द आधी

एसएलआय म्हणजे प्रत्यक्ष मोजलेला आकडा: शंभर विनंत्यांपैकी किती नीट पार पडल्या, किंवा किती उत्तरं ठरलेल्या वेळात गेली. एसएलओ म्हणजे त्या आकड्यासाठी आपण ठरवलेलं उद्दिष्ट आणि ते ज्या काळात पाळायचं तो काळ. उद्दिष्ट १०० च्या जितकं खाली, तितकं एरर बजेट. ९९.५ टक्के ठरवलं तर अर्धा टक्का चुकायची मुभा आहे. नवे फीचर टाकताना, डेटाबेस हलवताना ही मुभा खर्च होते.

काळ मोजायच्या दोन पद्धती आहेत. रोलिंग इंटरव्हलमध्ये आत्ताच्या क्षणापासून मागचे इतके दिवस, असं सतत सरकत मोजतात. आज मोठा बिघाड झाला तर तीस दिवसांच्या रोलिंग एसएलओत तो तीस दिवस दिसत राहतो. कॅलेंडर इंटरव्हलला ठरलेली सुरुवात आणि ठरलेला शेवट असतो. एक संपला की दुसरा आपोआप सुरू होतो आणि बजेट पुन्हा पूर्ण भरतं.

सांगली-तासगावच्या बेदाणा बाजाराशी ज्यांचा संबंध आहे त्यांना कॅलेंडर इंटरव्हल वेगळा समजावून सांगायला नको. दिवाळीच्या सुमारास सौदे काही काळ बंद ठेवून मागची येणी-देणी चुकती करतात, 'शून्य पेमेंट' करतात आणि मग नव्या हिशेबाने सौदे सुरू होतात. कॅलेंडर इंटरव्हल एरर बजेटच्या बाबतीत नेमकं हेच करतो.

कॅलेंडर कधी निवडायचा

माझं मत स्पष्ट आहे. जिथे कुणीतरी बाहेरचा माणूस महिन्याच्या हिशेबाने पैसे देतो, दंड लावतो किंवा अहवाल मागतो, तिथे कॅलेंडर इंटरव्हल लावा. ज्या एसएलओवर टीम रोजचे निर्णय घेते, म्हणजे आज रिलीज करायचं की थांबायचं, तिथे रोलिंग लावा. दोन्ही गरजा असतील तर एकाच एसएलआयवर दोन एसएलओ करा. त्याने खर्च थोडा वाढतो, दरपत्रक आधी पाहून घ्या. पण एकाच आकड्यावर दोन्ही कामं भागवायला गेलं की दोन्ही कामं अर्धवट होतात.

याचं कारण असं. समजा ३० तारखेला दुपारी, ऐन सौद्यांच्या वेळी, सेवा दोन तास पडली. १ तारखेला कॅलेंडरवालं बजेट पुन्हा पूर्ण भरलेलं दिसेल. करारासाठी ते बरोबरच आहे, कारण मागच्या महिन्याची भरपाई मागच्या महिन्यात मोजली गेली. पण शेतकऱ्याच्या मनातून परवाचा त्रास गेलेला नाही आणि बिघाडाचं मूळ कारणही कदाचित तसंच आहे. हिरवा आकडा पाहून त्याच आठवड्यात मोठा बदल टाकला तर ते धोक्याचं आहे. रोलिंग एसएलओ तिथे बरोबर अडवतो.

करारांची रीत महिन्याचीच असते, हेही ध्यानात घ्या. ॲमेझॉन स्वतः ईसीटूसाठी, म्हणजे भाड्याने दिलेल्या सर्व्हरसाठी, जी हमी देते तीसुद्धा मासिक अपटाइमवर मोजते आणि भरपाई बिलाच्या महिन्याशी जोडते. आपल्यावरची जबाबदारी आणि आपण ज्याच्यावर अवलंबून आहोत त्याची जबाबदारी एकाच मापाने मोजली की महिनाअखेरचं बोलणं सोपं होतं.

महिना की आठवडा, याचाही विचार करा. महिने सारखे नसतात. मिनिटांत मोजणाऱ्या ९९.५ टक्क्यांच्या एसएलओला ३१ दिवसांच्या महिन्यात २२३.२ मिनिटं मिळतात, ३० दिवसांत २१६ आणि २८ दिवसांच्या फेब्रुवारीत २०१.६. फेब्रुवारीतच सांगलीत नव्या हळदीची आवक वाढू लागते, म्हणजे कामाचा भार वाढतो तेव्हाच मुभा सर्वात कमी. शिवाय कुठल्या महिन्यात चार रविवार येतात, कुठल्यात पाच. गूगलमध्ये सेवा नीट चालू ठेवण्याचं काम पाहणाऱ्या एसआरई मंडळींनी सर्वसाधारण वापरासाठी चार आठवड्यांची रोलिंग खिडकी सुचवली ती याचसाठी: पूर्ण आठवडे धरले की सुट्टीचे दिवस दर वेळी सारखेच येतात. करार महिन्याचा असेल तर महिनाच घ्या, फक्त फेब्रुवारीचा आकडा मार्चशी ताडताना हा फरक विसरू नका.

मिनिटं मोजायची की विनंत्या

हे इंटरव्हलच्या आधी ठरवावं लागतं. ॲप्लिकेशन सिग्नल्समध्ये दोन प्रकार आहेत. पीरियडवर आधारलेल्या एसएलओत वेळेचे छोटे तुकडे करून प्रत्येक तुकडा चांगला की वाईट ते पाहतात. रिक्वेस्टवर आधारलेल्यात एकूण विनंत्यांपैकी चांगल्या किती ते पाहतात. एकदा बनवलेला एसएलओ एका प्रकारातून दुसऱ्यात बदलता येत नाही, नवीनच करावा लागतो. म्हणून इथे घाई नको.

बाजाराच्या सेवेसाठी मी विनंत्याच मोजेन. हिशेब करून बघा. सौदे समजा रोज चार तास, म्हणजे २४० मिनिटं चालतात. तीस दिवसांच्या महिन्यात एकूण ४३,२०० मिनिटं असतात आणि ९९.५ टक्क्यांच्या एसएलओत २१६ मिनिटं बिघडायची मुभा. रात्री-बेरात्री आपोआप तपासणी करणारा कॅनरी लावला असेल तर ती सगळी शांत मिनिटं 'चांगली' म्हणून जमा होत राहतात. मग एका दिवशी सौद्यांच्या वेळी २१० मिनिटं सेवा बंद पडली, शेकडो शेतकऱ्यांना भाव दिसला नाही, तरी महिन्याचा एसएलओ पाळला गेला असं दिसेल. आकडा खोटा नसतो, पण तो माणसांचा त्रास मोजत नाही. विनंत्या मोजल्या की जिथे माणसं जास्त, तिथलं वजन आपोआप जास्त होतं.

सर्व्हरवर मोजलेल्या एसएलआयला मात्र एक गोष्ट कधीच दिसत नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरासारखी वेळ आली, गावातली वीज आणि मोबाइल टॉवर बंद पडले, तर विनंत्या मुंबईपर्यंत पोहोचतच नाहीत. न पोहोचलेली विनंती ना चांगली मोजली जाते ना वाईट. एसएलओ १०० टक्के दाखवेल आणि इकडे कुणाच्याच फोनवर काही उघडत नसेल. अशा महिन्याच्या अहवालात आकड्याशेजारी एक ओळ हाताने लिहा, आकड्यावर सोडू नका.

सुरुवातीचा क्षण

आता मुख्य मुद्दा. कॅलेंडर इंटरव्हलमध्ये तीन गोष्टी द्याव्या लागतात: स्टार्ट टाइम, म्हणजे पहिला इंटरव्हल कधी सुरू होणार, ड्युरेशन युनिट, म्हणजे दिवस की महिना, आणि ड्युरेशन, म्हणजे असे किती. एक महिना हवा तर युनिट महिना आणि ड्युरेशन १. आठवडा हवा तर युनिट दिवस आणि ड्युरेशन ७, आणि सुरुवात ज्या वाराला हवी त्या वाराची तारीख. सोमवारी सकाळी सहाला आठवडा सुरू व्हायला हवा असेल तर स्टार्ट टाइम एखाद्या सोमवारी सकाळी सहाचाच असायला हवा. पुढचे सगळे आठवडे त्यावरून ठरतात.

गडबड होते ती वेळेच्या फरकाने. क्लाउडचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालतं आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे आहोत. एपीआयमधून, म्हणजे स्क्रीनऐवजी प्रोग्रॅममधून, स्टार्ट टाइम द्यायचा तर तो इपॉक सेकंदांत द्यावा लागतो, म्हणजे १ जानेवारी १९७० च्या यूटीसी मध्यरात्रीपासून मोजलेले सेकंद. १ जानेवारी २०२६ ची यूटीसी मध्यरात्र म्हणजे १७६७२२५६००. त्याच तारखेची आपली मध्यरात्र १९,८०० सेकंद आधी येते, म्हणजे १७६७२०५८००. आकडे टाकताना अर्थातच इंग्रजी अंक वापरा.

या दोनपैकी कुठला घ्यायचा? बरेच जण साहजिकच आपली मध्यरात्र निवडतात. मी निवडत नाही. आपली १ तारखेची मध्यरात्र यूटीसीत आदल्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला पडते, म्हणजे वरच्या उदाहरणात ३१ डिसेंबरला. महिन्याच्या इंटरव्हलची सुरुवात ३१ तारखेला ठेवली की पुढच्या महिन्यांची सीमा नेमकी कुठे पडणार हा प्रश्न उभा राहतो, कारण फेब्रुवारीत ३१ तारीखच नाही. हा प्रश्न स्वतःवर ओढवून घेण्यात काही लाभ नाही.

यूटीसीची १ तारीख, मध्यरात्र घ्या. भारतीय वेळेने ती पहाटे साडेपाचला येते. त्या वेळी यार्डात सौदे चालू नसतात आणि पट्ट्या कुणी उतरवत नसतं. महिना पहाटे साडेपाचला बदलतो, हे करारातच एका ओळीत लिहून ठेवा. "महिना म्हणजे त्या महिन्याच्या १ तारखेच्या पहाटे ५.३० पासून पुढच्या महिन्याच्या १ तारखेच्या पहाटे ५.३० पर्यंत." पेढीवाल्यांना ही ओळ समजते, त्यात वाद निघत नाही. तुमची सेवा पहाटेच गजबजत असेल, दूध संकलनाची असेल, तर मात्र हा नियम तसाच उचलू नका. आधी आपली सर्वात शांत वेळ कोणती ते आलेखावर पाहा.

प्रत्यक्ष करताना

सेवा ॲप्लिकेशन सिग्नल्समध्ये आधीच दिसत असायला हवी. खात्यात पहिल्यांदाच वापरत असाल तर सर्व्हिस डिस्कव्हरी सुरू करा. लागणारा रोल, म्हणजे परवानग्यांचा संच, तेव्हा तयार होतो. कन्सोलमध्ये वर रीजन मुंबई आहे ना, हे पाहा. भलत्याच रीजनमध्ये शोधत बसणं नवख्यांच्या बाबतीत नेहमी घडतं.

क्लाउडवॉच उघडा, डाव्या यादीत ॲप्लिकेशन सिग्नल्सखाली एसएलओची पाटी आहे, तिथे नवीन एसएलओ तयार करण्याचं बटण दाबा. नाव असं द्या की रात्री दोनला अलार्म आला तरी वाचून कळावं: सेवेचं नाव, काय मोजतो आणि काळ. 'पट्टी-उपलब्धता-मासिक' हे 'एसएलओ-१' पेक्षा कितीतरी चांगलं.

मग एसएलआय निवडा. सर्व्हिस ऑपरेशन घेतलं तर सेवा आणि तिचं ऑपरेशन निवडायचं, उपलब्धता की लेटन्सी (उत्तराला लागणारा वेळ) ते सांगायचं, आणि रिक्वेस्ट की पीरियड ते ठरवायचं. आपल्या उदाहरणात पट्टी उतरवण्याचं ऑपरेशन, उपलब्धता, रिक्वेस्ट. मुखपृष्ठाचं ऑपरेशन घेऊ नका. पेढी पैसे मोजते ते पट्टीसाठी.

पुढच्या भागात इंटरव्हल येतो. कॅलेंडर निवडा, सुरुवातीची तारीख-वेळ भरा, कालावधी एक महिना. स्क्रीन स्थानिक वेळ दाखवते की यूटीसी, हे भरायच्या आधी पाहा. साडेपाच तासांची चूक इथेच होते. अटेनमेंट म्हणजे प्रत्यक्ष गाठलेले टक्के; अटेनमेंट गोलमध्ये ९९.५. वॉर्निंग थ्रेशोल्ड म्हणजे बजेट किती टक्के उरल्यावर इशारा हवा. मी ३० ते ४० च्या आसपास ठेवतो, कारण त्याहून कमी ठेवलं तर इशारा येईपर्यंत करण्यासारखं फार काही उरत नाही. एपीआयमधून एसएलओ बनवताना इंटरव्हल लिहिलाच नाही तर सात दिवसांचा रोलिंग धरला जातो आणि उद्दिष्ट लिहिलं नाही तर ९९ टक्के. कुणी जुनी स्क्रिप्ट उचलून एसएलओ बनवले असतील तर आधी हे तपासा.

शेवटी अलार्म आणि टॅग्ज. टॅगमध्ये हा कराराचा एसएलओ आहे की टीमचा, हे नोंदवा. सहा महिन्यांनी दुसरं कुणीतरी तो बदलायला जाईल तेव्हा ही नोंद उपयोगी पडते.

१ तारखेचा लाल आकडा

मासिक एसएलओ लावल्यावर नवख्यांना हमखास घाबरवणारी गोष्ट १ तारखेला घडते. विनंत्यांवर आधारलेल्या एसएलओत बजेट आत्तापर्यंत आलेल्या विनंत्यांवर ठरतं. महिना नुकताच सुरू झाला आहे, सकाळपासून २०० विनंत्या आल्या, त्यातल्या दोन फसल्या, तर अटेनमेंट थेट ९९ टक्के, म्हणजे उद्दिष्टाच्या खाली. यात सेवा बिघडलेली नसते. छेद लहान असल्याने आकडा उड्या मारतो आणि चार-पाच दिवसांत स्थिरावतो.

म्हणून कॅलेंडर एसएलओच्या अटेनमेंटवर झोपेतून उठवणारा अलार्म लावू नका. त्यासाठी बर्न रेट आहे: बजेट कुठल्या वेगाने जळतंय ते सांगणारा आकडा. बर्न रेट १ म्हणजे याच वेगाने गेलात तर इंटरव्हल संपताना बजेट बरोबर संपेल. तीस दिवसांच्या काळात तासभर बर्न रेट १४.४ राहिला तर त्या एका तासात महिन्याच्या बजेटचे २ टक्के गेले. एसएलओत मागे किती मिनिटं पाहायचं ते देऊन बर्न रेट मोजता येतो आणि त्यावर अलार्म बसवता येतो. माणसाला उठवायचं ते यावर. अटेनमेंटचा इशारा ई-मेलवर गेला तरी पुरे.

ठरवून घेतलेल्या देखभालीची वेळ हिशेबातून वगळण्याची सोयही आहे, एकदाची किंवा ठरावीक अंतराने येणारी. तिचा उपयोग करा, पण ग्राहकाला आधी कळवलेल्या वेळेसाठीच. बिघाड होऊन गेल्यावर ती वेळ वगळणं म्हणजे हिशेबाची वही खाडाखोड करून बरोबर करणं. तसं करू नका, कुणी सांगितलं तरी.

महिना संपण्याआधी लिहून ठेवायचं

क्लाउडवॉचमध्ये एका मिनिटाच्या बारकाव्याचा डेटा १५ दिवस राहतो. त्यानंतर पाच मिनिटांच्या तुकड्यांत ६३ दिवस आणि मग तासाच्या तुकड्यांत ४५५ दिवस. याचा मासिक एसएलओवर थेट परिणाम होतो. ३ तारखेला झालेला बिघाड महिनाअखेरीस अहवाल लिहिताना मिनिटामिनिटाने पाहायला मिळणार नाही. म्हणून बिघाड झाला की त्याच दिवशी सुरुवात, शेवट, फसलेल्या विनंत्या आणि कारण लिहून ठेवा, आलेखाचं चित्र जोडून. महिन्याच्या शेवटी हे शोधायला बसलं की नुसता अंदाज हाती येतो आणि पेढीवाल्यासमोर अंदाज चालत नाही.

पहिला महिना बदलताना स्वतः पाहा. १ तारखेला सकाळी सहाच्या सुमारास एसएलओचं पान उघडा, बजेट नव्याने भरलं का, मागचा महिना कुठल्या क्षणी संपला, ते तपासा. सीमा साडेपाचऐवजी मध्यरात्री किंवा सकाळी अकराला दिसली तर स्टार्ट टाइम चुकला आहे. दुसरा महिना सुरू होऊन आठवडा उलटण्याआधीच तो दुरुस्त करा आणि बदल कधी केला ते अहवालात लिहा.

गूगल क्लाउडवर काम करणाऱ्यांसाठी एवढंच: तिथेही रोलिंग आणि कॅलेंडर असे दोन प्रकार आहेत. रोलिंग जास्तीत जास्त ३० दिवसांचा. कॅलेंडरमध्ये दिवस, आठवडा, पंधरवडा आणि महिना मिळतो, आठवडा सोमवारी सुरू होतो. सुरुवातीचा क्षण आपल्याला निवडता येत नाही, त्यामुळे तिथे करारातली महिन्याची व्याख्या साधनाप्रमाणे लिहावी लागते.